जुन्या गाडीची पेट्रोल गळती: घरच्या घरी नळी बदलायची कशी

सकाळी गाडी काढताना पेट्रोलचा वास आला तर किक मारू नका. आधी कॉक बंद करा, गाडी ढकलत मोकळ्यावर आणा आणि मग खाली वाकून बघा. बाकी सगळं नंतर.

ज्यांनी आजवर पाना हातात घेतला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर आहे ती कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) जुनी दुचाकी, टाकीखाली चालू, बंद आणि रिझर्व्ह असा कॉक असलेली. सोलापुरात अशा गाड्या अजून घरोघरी आहेत. वडिलांनी घेतलेली गाडी मुलगा कॉलेजला नेतो, सुट्टीत तीच अक्कलकोटला जाऊन येते. या गाड्यांत पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं. नळीत दाब जवळजवळ नसतोच, म्हणून हे काम नवख्या माणसालाही घरी जमतं.

इंजेक्शनच्या गाडीचं तसं नाही. 2020 नंतरच्या बहुतेक दुचाकी इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्या टाकीत पंप असतो, नळीत दोन-तीन बार दाब असतो आणि गाडी बंद केल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. नळी सैल केली की पेट्रोल पिचकारीसारखं तोंडावर येतं. तुमची गाडी तसली असेल तर ती सरळ मिस्त्रीकडे न्या.

कामाआधी जागा

पेट्रोल पेटायला त्याला आग लागावी लागत नाही, त्याच्या वाफेला ठिणगी मिळाली की पुरतं. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ निघत असते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 वर जातो, तेव्हा उघड्या पेट्रोलचं काय होत असेल याचा विचार करा. दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, पायऱ्या उतरते आणि खड्ड्यात साचते.

म्हणून जागा निवडताना खाली बघा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बहुतेक घरांच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे आणि त्याच्या शेजारी मोटारीचं बटण. गाडी धुवायला सोयीची म्हणून नेमकी तिथंच उभी करतात. हे काम तिथं अजिबात करू नका. वाफ हौदात उतरते, पाणी आलं म्हणून घरातलं कुणीतरी बटण दाबतं आणि बटणात ठिणगी पडते. शिवाय दोन थेंब पेट्रोल हौदात गेलं तर सगळं पाणी वाया.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. घराला लागून यंत्रमाग असेल तर मागाच्या खोलीजवळ हे काम नको. तिथं मोटारी फिरत असतात आणि सुताचे बारीक तंतू सगळीकडे साचलेले असतात. ते तंतू पेट घ्यायला क्षणही लावत नाहीत.

वेळ सकाळी सहा-साडेसहाची धरा. हवा गार असते, गाडी रात्रभर थंड झालेली असते. गाडी चालवून आला असाल तर किमान तासभर थांबा, सायलेन्सरचा बेंड पाईप हाताला गार लागला पाहिजे. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती, पाणी तापवायचा बंब, गॅस गीझर, शेजाऱ्याची विडी हे सगळं आधी बघून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा. लेकरांना आत पाठवा. बॅटरीची काळी वायर सोडवून ठेवा. अंगात सुती कपडे असू द्या.

हाताशी वाळूची बादली ठेवा. पावडरचं छोटं अग्निशामक नळकांडं असेल तर उत्तमच. आणि आपल्या गावाच्या घरात हमखास असते ती जुनी सुती चादर भिजवून, पिळून, घडी घालून जवळ ठेवा. लहानशी आग तिनं दाबता येते. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचं नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पाण्याबरोबर पसरते. आग टाकीपर्यंत गेली असं वाटलं की गाडी सोडा, माणसं लांब न्या आणि 101 ला फोन करा.

गळती कुठून आहे ते शोधणं

खरं काम हेच आहे. नळी बदलायला वीस मिनिटं पुरतात, पण थेंब जिथून पडतो तिथंच गळती असते असं नाही. पेट्रोल नळीच्या अंगावरून घसरत खालच्या टोकाला येतं, तिथून इंजिनच्या पात्यांवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांवर) उतरतं, आणि जमिनीवर डाग पडतो तो भलतीकडेच. बहुतेक नवखे इथं फसतात, आणि चांगली नळी काढून नवी लावतात.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या गाडी ढकलत आला. दोनदा नळी बदलून झाली होती, तरी थेंब चालूच.

“काका, दुकानदारानं नळीच खराब दिली बघा.”

“दुकानदाराला राहू दे. कॉक बंद कर, सगळं कोरडं पुस, आणि हा पेपर खाली टाक.”

दहा मिनिटं पेपर कोरडाच राहिला. मग कॉक उघडायला लावला आणि दोघंही वाकून बसलो. नळीची दोन्ही टोकं कोरडी. कार्बोरेटरच्या तळातून निघून खाली लोंबणारी जी बारीक नळी असते, तिच्या तोंडाशी थेंब जमला, फुगला आणि पेपरवर पडला. गाडी ओव्हरफ्लो होत होती. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट, म्हणजे तरंगणारा भाग, वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते. सुईच्या टोकाला कचऱ्याचा कण अडकला की वाट बंद होत नाही आणि जादाचं पेट्रोल त्या नळीतून बाहेर येतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हलकेच दोन टिचक्या मारल्या तर कधी कधी कण सुटतो. नाहीतर कार्बोरेटर उघडून साफ करावा लागतो. नळीचा त्यात काही संबंध नाही.

तुम्हीही हाच क्रम धरा. कॉक बंद, सगळं कोरडं, खाली वर्तमानपत्र. कॉक बंद असताना थेंब आला तर दोष कॉकमध्ये किंवा त्याच्या वर आहे: कॉक टाकीला जिथं बसतो तो सांधा, कॉकचं स्वतःचं अंग, किंवा टाकी. कॉक उघडल्यावर आला तर कॉकच्या खाली, म्हणजे नळी, फिल्टर असेल तर फिल्टर, किंवा कार्बोरेटर.

नेमकी जागा पकडायची एक साधी युक्ती आहे. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा आणि प्रत्येक सांध्याभोवती एक-एक गुंडाळा. जी पट्टी आधी काळपट पडते तिथं गळती. पट्ट्या बसत नसतील तर सांध्यावर टाल्कम पावडर भुरभुरा, ओल आली की पावडरीत रेघ उमटते. उन्हाळ्यात पेट्रोल थेंब व्हायच्या आधीच उडून जातं, तेव्हा डाग शोधा. जिथं बरेच दिवस पाझर आहे तिथं तपकिरी, चिकट थर बसलेला असतो आणि त्यावर धूळ धरलेली असते.

नळीच गळतेय असं ठरलं तर ती वाकवून बघा. म्हातारं रबर वाकवलं की उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा उघडतात. या भेगा बहुतेक वेळा टोकांना आधी पडतात, कारण तिथं रबर ताणलेलं असतं आणि क्लिप चावत असते. कधी उलटही होतं, नळी फुगते, मऊ पडते आणि बोटाला काळं लागतं. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साखर कारखान्यांचा जिल्हा आपला, इथेनॉल आपल्याला परकं नाही, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या नळ्या आणि वॉशर त्या पेट्रोलसाठी बनवलेले नव्हते. जुनं रबर त्यात लवकर खराब होतं.

भेग दिसली की नळी गेली असं समजा. टोकाचा बोटभर भाग कापून उरलेली परत चढवायची, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळायची, एम-सील थापायचं, हे काही करू नका. टेपचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळतो. एका जागी भेग पडली म्हणजे सगळ्या नळीचं वय झालेलं असतं.

नळी आणताना

जुनी नळी सोबत नेता आली तर न्याच. बाहेरची जाडी सारखी दिसली तरी आतलं भोक वेगळं असू शकतं, आणि महत्त्व आतल्या भोकाला आहे. दुचाकीत ते साधारण 5 ते 6 मिलिमीटर असतं. शक्यतो तुमच्या मॉडेलची कंपनीची नळीच मागा, कारण काही गाड्यांची नळी साच्यातच वाकडी बनवलेली असते. मीटरवर मिळणारी घेणार असाल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा, “पेट्रोलचीच आहे ना?” चांगल्या नळीवर एसएई जे30 (SAE J30, पेट्रोलच्या नळीचं मानक) असं छापलेलं असतं आणि पुढं आर6 किंवा आर7 असतं. कार्बोरेटरला ते चालतं. आर9 इंजेक्शनसाठी असते, तीही चालेल, फक्त महाग पडते.

गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी लावू नका. आतलं पेट्रोल दिसतं म्हणून पोरांना ती आवडते. काही महिन्यांत ती पिवळी पडते, कडक होते आणि निपलवरून, म्हणजे नळी जिच्यावर चढवतात त्या कॉकच्या किंवा कार्बोरेटरच्या तोटीवरून, सुटते. तीही गाडी चालू असताना, गरम इंजिनच्या अगदी वर.

जुन्या नळीपेक्षा दोन इंच जास्त घ्या, घरी मापानं कापता येते. क्लिपाही नव्याच घ्या, त्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. तारेच्या स्प्रिंग क्लिपा जुन्या झाल्या की त्यांचा ताण जातो. बांधकामाची तार पिळून बांधलेल्या नळ्या मी पुष्कळ पाहिल्यात. तार रबरात रुतते आणि नळी तिथंच कापते.

नळी बदलणं

टाकीत पेट्रोल कमी असेल असा दिवस निवडा. कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीला तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली पत्र्याचा डबा धरून तो सैल करा आणि वाटीतलं पेट्रोल काढून घ्या. डबा जमिनीवर टेकवून ठेवा, हातात लोंबकळत नको. पाण्याच्या पातळ प्लॅस्टिक बाटल्या या कामाला वापरू नका. आणि टाकीतलं पेट्रोल तोंडानं ओढून काढायचं तर कधीच नाही. ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. चुकून गिळलं गेलंच तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आता क्लिपांचे कान पक्कडीनं दाबून त्या नळीच्या मधोमध सरकवा. नळी सरळ ओढू नका. आधी हातानं किंवा पक्कडीनं अलगद पकडून थोडी डावी-उजवी फिरवा, चिकटलेलं रबर सुटलं की ती आपसूक निघते. वर्षानुवर्षं न निघालेली नळी फिरतच नसेल तर ब्लेडनं तिला लांबीत चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढा. इथं घाई नको. ब्लेड रबरात अर्ध्यापर्यंतच जाऊ द्या, उरलेलं बोटांनी फाडा. निपलवर ब्लेडचा ओरखडा उठला तर नवी नळी त्या ओरखड्यातून गळत राहील, आणि मग कॉक किंवा कार्बोरेटर बदलायची पाळी येते. प्लॅस्टिकचं निपल असेल तर ते जोरानं मोडूही शकतं.

नळीत चमचा-दोन चमचे पेट्रोल असतंच, खाली डबा तयार ठेवा. ते गळून गेल्यावरही कॉकमधून थेंब येत राहिले तर कॉक आतून गेलाय. टाकी डब्यात रिकामी करा आणि नळीबरोबर कॉकचंही काम उरका.

निपल पुसायला जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं फडकं घ्या, टॉवेल नको. आपल्याकडे टॉवेलांना तोटा नाही, पण त्याचे तंतू सुटतात. तो एक तंतू कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, गेला की गाडी पाच किलोमीटरवर बंद पडते. पुसताना निपल जवळून बघा. टोकापाशी थोडासा फुगीर कडा असतो. नळी त्या फुगीर भागाच्या मागं पोचली पाहिजे आणि क्लिप त्याच्याही मागं बसली पाहिजे. सगळी पकड या एका उंचवट्यावर आहे. क्लिप नेमकी उंचवट्यावर किंवा त्याच्या पुढं बसली तर ती नुसती दिसायला असते.

नवी नळी जुनीच्या मापानं नव्या ब्लेडनं, एका फटक्यात, काटकोनात कापा. पक्कडीनं तोडली तर टोक चेपतं आणि आत रबराचे कण पडतात. फुंकर मारून नळी साफ करा. मग दोन्ही क्लिपा आधी नळीवर चढवून घ्या. हे विसरायला होतं, आणि आठवतं ते दोन्ही टोकं बसवून झाल्यावर.

नळी जात नसेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा, आपलं ऊन त्याला पुरेसं आहे. पावसाळ्यात टोक गरम पाण्यात बुडवा आणि आतून पूर्ण कोरडं करून मग चढवा. तेल, ग्रीस, साबण काही लावू नका. आधी कार्बोरेटरचं टोक, मग कॉकचं. दीड-दोन सेंटिमीटर आत गेली पाहिजे, निपल आखूड असेल तर ते संपेपर्यंत. क्लिप नळीच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. स्क्रूची क्लिप असेल तर रबर किंचित दबेपर्यंतच आवळा.

आता नळीचा मार्ग बघा. ती इंजिनच्या पात्यांना किंवा सिलिंडरला टेकत नसावी, ताणलेली नसावी, पिळलेली नसावी. वरून खाली सतत उतरती असावी. मध्ये वर चढणारी कमान झाली तर तिथं हवा अडकते आणि गाडी रिझर्व्हला आल्यासारखी मध्येच खोकते. फिल्टर असेल तर त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे करून लावा.

तपासणी

ड्रेन स्क्रू बसवला का ते आधी बघा. खाली कोरडा पेपर टाका, कॉक उघडा आणि दहा मिनिटं गाडी सुरू न करता नुसतं बघत बसा. दोन्ही टोकांखालून कोरडं बोट फिरवा आणि वास घ्या. सगळं कोरडं असेल, हवेतला वासही गेला असेल, तर बॅटरी जोडा आणि गाडी सुरू करा. पाच मिनिटं जागेवर चालू द्या, बंद करा, परत बोट फिरवा. मग जवळच चक्कर मारून या. संभाजी तलावापर्यंत जाऊन आलात तरी इंजिन पुरेसं तापतं. गरम गाडीवर पुन्हा बघा, कारण गाडी थंड असताना घट्ट बसलेली क्लिप रबर तापल्यावर सैल पडू शकते. दुपारी उन्हात उभी केल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा, एवढं करा. स्क्रूची क्लिप दोन-तीन दिवसांनी किंचित आवळावी लागते, नवं रबर दबून बसतं.

नळी नसून कॉक असेल तर

कॉकच्या सांध्यातला रबरी वॉशर कडक झाला की तिथून पाझरतं. टाकी पूर्ण रिकामी करा, कॉक काढा, नवीन वॉशर टाका. काढलेल्या कॉकवर आत जाणारी बारीक जाळी असते, ती बघा. जाळीवर लालसर गाळ असेल तर टाकी आतून गंजतेय, आणि आज ना उद्या तोच कचरा फ्लोटच्या सुईत जाणार. कॉकच्या मुठीतून गळत असेल तर दुरुस्तीचा किट मिळतो, पण खूप जुना कॉक सरळ बदललेला बरा.

टाकीलाच भोक असेल तर हात आवरा. टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण ती वाफ आणि हवेनं भरलेली असते आणि स्फोट त्या मिश्रणाचाच होतो. टाक्यांचंच काम करणारे कारागीर आत नीट धुऊन, वाफ पूर्ण काढून मगच त्याला हात लावतात. त्यांच्याकडेच द्या.

जुनी कार

कार्बोरेटरच्या जुन्या कारमध्ये इंजिनवर चालणारा छोटा पंप असतो, दाब थोडाच असतो, आणि बॉनेटखालच्या रबरी नळ्या वरच्याच पद्धतीनं बदलता येतात. फरक एवढाच की नळ्या बहुधा दोन असतात: एक पेट्रोल आणणारी, एक जादाचं टाकीकडे परत नेणारी. त्यांची अदलाबदल होता कामा नये. काढण्याआधी दोन्हींना दोन रंगांच्या सुताचे तुकडे बांधा, आणि त्या जिथं बसतात तिथंही तेच रंग. गाडीखालून मागच्या टाकीपर्यंत जाणारा लोखंडी पाईप गंजून गळत असेल तर ते घरचं काम नाही. त्यासाठी गाडी उचलावी लागते, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. लोखंडी पाईपच्या जागी लांबलचक रबरी नळी टाकून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका. खडी उडून किंवा घासून ती कधी फाटेल सांगता येत नाही.

काम झाल्यावर

डब्यातलं पेट्रोल स्वच्छ असेल तर दाट सुती कापडातून गाळून परत टाकीत घाला. त्यात पाणी किंवा गंज दिसला तर घालू नका. गटारीत ओतू नका, ती वाफ पुढच्या गल्लीत जाऊन पेट घेऊ शकते. झाकणबंद पत्र्याच्या डब्यात घालून ते गॅरेजवाल्याकडे द्या. पेट्रोलची फडकी आणि ओले पेपर गोळा करून कचऱ्यात टाकू नका. बाहेर मोकळ्यावर, घरापासून लांब, एकेक सुटं करून वाळू द्या आणि वास पूर्ण गेला की मग फेका. हात साबणानं धुवा, कपडे बदला, आणि मगच स्वयंपाकघरात जा.